वाटणीची भिंत

१

खामगावच्या सराफा ओळीत, चौकाच्या अगदी तोंडाशी, टिकारांची माडी आहे. खाली चांदीची दुकानं, वर राहतं घर. कापसाच्या तेजीच्या काळात कुण्या व्यापाऱ्यानं ती हौसेनं बांधली. ओतीव लोखंडाचे खांब, चुन्यात कोरलेले मोर, रस्त्यावर झुकलेली कमानींची गॅलरी. चौकाच्या कोपऱ्यावर शेवटची कमान गोल वळलेली, आणि तिच्यात लाल, निळ्या, पिवळ्या काचा. संध्याकाळचं ऊन त्या काचांतून आत आलं की फरशीवर कुणी रांगोळीचे डबे पालथे केले असं वाटायचं. परगावचा माणूस चौकात आला की मान वर केल्याशिवाय पुढं जात नसे.

भगवानराव टिकारांनी पिंपळगाव राजा या गावच्या शेतीच्या उत्पन्नावर ही माडी विकत घेतली होती. ते वारल्यावर दोघा भावांनी चारचौघांनी नाव घ्यावं अशी वाटणी केली. भांडण नाही, कोर्ट नाही. चिठ्ठ्या टाकल्या. थोरल्या चंद्रशेखरला चौकाकडची बाजू निघाली, धाकट्या हर्षलला आतली. वरच्या लांबलचक दिवाणखान्यात मधोमध विटांची भिंत उठली. जिना एकच राहिला आणि वरच्या पायरीवर दोन दारं झाली. कमानी बहुतेक पलीकडे गेल्या. हर्षलच्या वाट्याला जिन्याजवळची आली, तिच्यासमोर नेमका विजेचा खांब.

हर्षलची बायको सुचिता. भिंत उठली त्या दिवशी तिला काही वाटलं नव्हतं. वाटणं पुढं सुरू झालं, दात किडावा तसं. पलीकडे थोरली जाऊ, प्रेरणाताई, सकाळी काचांच्या कमानीत बसून तांदूळ निवडायची. वारा तिच्याकडे, ऊन तिच्याकडे, मिरवणूक निघाली तर पहिलं दर्शन तिच्याकडे. स्वभावानं ती गरीब गाय. केलेलं आधी वाटीभर इकडे पाठवायची, मग स्वतः जेवायची. सुचिताला ते जास्तच टोचायचं. वाईट माणसाचा हेवा करताना निदान मनाला कारण तरी मिळतं.

त्या उन्हाळ्यात अमरावतीकडचे वास्तुकलेचे विद्यार्थी जुन्या ओळीचं मोजमाप घ्यायला आले. त्यांनी दोन दिवस प्रेरणाच्या घरी मुक्कामच ठोकला. सुचितानं आपलं दार उघडं ठेवलं होतं, माठात वाळा टाकून ठेवला होता. शेवटी एक मुलगी डोकावली, कमानीकडे पाहिलं आणि म्हणाली, इथून फोटो येणार नाही, खांब मध्ये येतो. पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला. काचांच्या कमानीत प्रेरणाताई, शेजारी तिची दहावीतली पायल. खाली सराफा ओळीच्या वैभवाबद्दल चार ओळी. सगळा बाजार अभिनंदन करायला जिना चढला आणि डावीकडच्या दारात वळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुचिता फरशी पुसत होती. दिवाणखान्याच्या मध्यभागी नक्षीच्या फरश्यांमध्ये एक मोठं कमळ होतं. वाटणीत भिंत बरोबर त्याच्यावरून गेली होती. अर्धं कमळ इकडे, अर्धं तिकडे. रोज पुसताना तिचा हात भिंतीपाशी थांबायचा आणि मनात एकच यायचं, फूलसुद्धा पुरतं मिळालं नाही.

आज हात थांबला नाही. पुसणं पाकळी ओलांडून पुढं गेलं, वळलं आणि परत आलं. तिनं फडकं बाजूला ठेवलं. कमळ पुरतं होतं. त्याच्या पलीकडे एक रिकामी फरशी, आणि मग भिंत.

२

माणूस अशा वेळी आधी स्वतःलाच खोटं पाडतो. सुचितानंही तेच केलं. ऊन लागलं असेल. इतकी वर्षं आपण नीट पाहिलंच नसेल. भिंतीवर तिनं स्वतः ठोकलेला खिळा होता, कॅलेंडरही तेच होतं, पोपडा निघालेली जागाही तीच. भिंत जिथं होती तिथंच आहे, असं सगळं सांगत होतं. फक्त कमळ सांगत नव्हतं.

हर्षल कृषी केंद्रातून जेवायला आला तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, कमळ तर पहिल्यापासून आपल्याकडेच आहे, दादानं मुद्दाम सोडलं होतं. त्याच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. सुचितानं पुढं ताणलं नाही.

खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं. भीती होती, पण त्या भीतीखाली काहीतरी गोड होतं, चोरून खाल्लेल्या गुळासारखं. त्या दुपारी ती कमळावर चटई टाकून झोपली.

मग ती गॅलरीत जाऊन बसू लागली. खांबाआडून मान वाकडी केली की पलीकडची पहिली कमान दिसायची. प्रेरणाताईनं तिथं तुळस ठेवली होती. सुचिता त्या कमानीकडे पाहत बसायची, बाकी काही करायची नाही. दुपारी बाजार जेवायला थंडावला, कूलरची घरघर तेवढी उरली, की त्या घरघरीखाली आणखी एक आवाज यायचा. जड संदूक कुणीतरी बोट बोट सरकवतंय असा. आवाज थांबला की तिला तहान लागलेली असायची.

एका दुपारी ती उठली तर खांब समोर नव्हता, बाजूला होता. तिच्या गॅलरीला आता दोन कमानी होत्या. दुसरीत तुळस होती, ताजं पाणी घातलेली.

तिनं तुळशीला हात लावला नाही. पण रात्री जेवताना हर्षलला म्हणाली, घर कसं हवेशीर वाटतं आता. तो म्हणाला, आपलं घर हवेशीरच आहे.

३

पाऊस लांबला होता आणि नळ आठवड्यातून एकदा यायचा. अशाच एका नळाच्या दिवशी, पाणी भरून झाल्यावर, प्रेरणाताई आली. एरवी ती सरळ आत यायची. आज दारातच उभी राहिली आणि दिवाणखान्यावरून नजर फिरवत राहिली.

"सुचिता, एक इचारू? राग नको मानू."

"इचारा ना ताई."

"आमचा पलंग आता बसत नाही वं. हे म्हणे, तिरपा लाव. तिरपाही बसत नाही." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "यायले इचारलं त् म्हणतात, घर पहिल्यापासून एवढंच होतं. पायलही तेच म्हणते. मलेच येड लागलं काय, असं वाटून राह्यलं. तुले तरी आठवते ना, भिंत कुठं होती?"

सुचिताच्या पायाखाली पुरतं कमळ होतं. एक शब्द बोलली असती तर जाऊला धीर आला असता. दोघी मिळून तरी कुणाला सांगू शकल्या असत्या.

"अशीच तर होती, ताई," ती म्हणाली.

प्रेरणानं मान डोलावली. तिला ते खरं वाटलं नाही, हे दिसत होतं. आणि सुचिताला ते कळलं, हेही तिला दिसलं असावं. ती वळली, मग उंबऱ्याशी पुन्हा थांबली.

"एक सांगतो. तू गॅलरीतून पाहतं नं, ते मले आत कळते. पाठीले चटका लागल्यावानी. माह्या घराकडं तसं पाहत नको जाऊ. तुले काही पायजे असन त् माग. मी नाही म्हणणार नाही."

ती गेल्यावर सुचिता बराच वेळ भांडी घासत राहिली, घासून झालेली भांडीसुद्धा. लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. तिनं गॅलरीचं दार लावून घेतलं आणि कडीला सुतळी बांधली. घरात वावरताना भिंतीकडे पाठ ठेवली. जिना उतरताना मान खाली. देवापुढं हात जोडून म्हणाली, आहे त्यात मी सुखी आहे. बरेच दिवस घरात कूलरखेरीज कसला आवाज झाला नाही. पलीकडून पायलचं मोठ्यानं पाठांतर ऐकू यायचं, कुकरची शिट्टी यायची, आणि प्रेरणाताईचं गुणगुणणं. स्वयंपाक करताना शब्द नसलेली एकच चाल गुणगुणायची तिला सवय होती.

मग पुण्याहून प्रेमचा फोन आला. सुचिताचा एकुलता एक मुलगा, इंजिनिअरिंगला. सुट्टीत यायचं म्हणाला होता. आता म्हणाला, नाही जमत, इथंच काम मिळालंय. बोलला हसून, दोन मिनिटांत ठेवलाही.

त्या संध्याकाळी ती भाजी घेऊन चौकातून येत होती. मान खालीच होती. पण काचांवर ऊन आलं होतं आणि रस्त्यावर पुढ्यात एक लाल तुकडा पडला होता. तिनं वर पाहिलं.

काचांच्या कमानीत प्रेरणा बसली होती, विटक्या मोरपंखी साडीत, पाठ भिंतीला टेकवून. पायलनं तिच्या मांडीवर डोकं टाकलं होतं. प्रेरणा तिच्या केसांतून फणी फिरवत होती, आणि दोघींच्या अंगावर निळं-पिवळं ऊन होतं. पायल काहीतरी सांगत होती. तिची आई ऐकत होती, बस, एवढंच.

सुचिता रस्त्यातच थांबली. मन म्हणालं, ही पोर माझी हवी होती.

म्हणून झालं आणि मग तिला कळलं, आपण काय म्हटलं ते. भाजीची पिशवी तशीच घेऊन ती धावत सुटली.

४

जिन्याच्या वरच्या पायरीवर एकच दार होतं. जिथं दुसरं दार असायचं तिथं चुना लावलेली सपाट भिंत होती, जुनी, हात लागून मळलेली. सुचितानं तिच्यावर तळवा ठेवला. भिंत उन्हानं तापलेली असावी तशी कोमट होती. तिथं ऊन कधीच पोचत नाही.

दार आतून उघडलं. दारात पायल होती.

"किती उशीर केला वं आई. भूक लागून राह्यली मले."

तिच्या मागं दिवाणखाना दिसत होता. पहिल्यासारखा, पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्या कमानी ओळीनं उघड्या. शेवटी काचा, फरशीवर रंग. प्रेरणाताईचा पलंग कुठं नव्हता. तिच्या डब्यांची फळी नव्हती. कमानीत फणी तेवढी पडली होती. सुचिता पुढं गेली तेव्हा पायलनं ती उचलली आणि तिच्यापुढं पाठ करून बसली, जणू रोजचंच.

सुचितानं फणी हातात घेतली. ती खाली ठेवून उठावं असं वाटलं. पण केस मऊ होते, आणि पोर शाळेतलं काहीतरी सांगू लागली होती. ती ऐकत राहिली.

हर्षलला विचारायची गरज पडली नाही. जेवताना तो आपल्याच तोंडानं म्हणाला, दादाला उद्या जेवायला बोलव, बिचारा एकटा जीव, लग्न केलं असतं तर आज ही वेळ नसती. प्रेमचा फोन आला तेव्हा त्यानं विचारलं, छोटी काय करते. बाजारात बायका म्हणाल्या, सुचिताबाई, तुमच्यासारखं घर अख्ख्या खामगावात नाही. ते ऐकून तिला आनंद झाला. त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

चंद्रशेखर शेतावरून आला, येताना वांगी घेऊन. तो आता पिंपळगाव राजालाच राहत होता. जेवला, हात धुतले, आणि बोलता बोलता सरळ काचांच्या कमानीकडे चालत गेला. कमानीला लागून जो हातभर जाडीचा भिंतीचा तुकडा आहे, ज्याच्या पलीकडे चौकाची नुसती हवा आहे, त्याच्यापुढं तो उभा राहिला. एक हात थोडा उचलला, दाराची कडी काढायला उचलावा तसा. मग तो हाताकडे पाहत राहिला.

"भाऊजी, काही पाहिजे काय?" सुचितानं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "इथं काहीतरी होतं काय, सुचिता?"

सुचिता ताटं उचलू लागली. थोड्या वेळानं तो चप्पल घालून निघून गेला, आणि पुढं यायचा कमी झाला.

५

गुणगुणणं तिला पहिल्यांदा पोळ्या लाटताना ऐकू आलं. शब्द नसलेली तीच चाल. लाटणं थांबवलं तर तेही थांबलं. तिनं मनाची समजूत घातली की खालच्या दुकानातलं असेल, जुन्या माडीत आवाज कुठून कुठं निघतो काही सांगता येत नाही. हेही खरंच होतं. पण खाली चांदी ठोकतात, गुणगुणत नाहीत.

पायल अभ्यासाला नेहमी काचांच्या कमानीजवळच्या त्याच भिंतीला पाठ टेकवून बसायची. एवढा दिवाणखाना मोकळा, खुर्ची-टेबल आणून दिलेलं, तरी तिथंच. सुचितानं विचारलं तर म्हणाली, "इथं बरं वाटते."

एका दुपारी पोर शाळेत असताना सुचिता त्या भिंतीपाशी गेली. चुन्यात एक भोक होतं, कधी काळी मोठा खिळा असेल तिथं. पलीकडे चौक असायला हवा, रसवंतीची गाडी, रिक्षावाले. त्यांचा आवाज कमानीतून येतही होता. तिनं भोकाला डोळा लावला.

आधी नुसता अंधार. मग रंग दिसला, धुवून विटलेला मोरपंखी. त्या साडीचा काठ तिला ओळखीचा होता. काठ सरळ उभा होता, कपाटात घडी करून उभी ठेवावी तसा. त्याच्यावर नजर चढवत नेली तर कानातली कुडी दिसली, आणि गाल. गाल भिंतीला टेकलेला. बाई आडवी वळून उभी होती, कारण समोर तोंड करून उभं राहायला जागाच नव्हती. कान खोलीकडे होता. ती ऐकत होती.

तिची पापणी हलली.

सुचिता मागं सरकली ती मागच्या लोखंडी खांबावर आदळली. मग ती रांगत भिंतीपाशी गेली आणि कपाळ टेकून बोलू लागली. ताई, सगळं घ्या. कमानी घ्या, काचा घ्या, पोर घ्या, मले काही नको. घसा बसेपर्यंत म्हणाली. संदूक सरकल्याचा आवाज काही आला नाही. भिंतीला देणं समजत नव्हतं. तिला फक्त हेवा समजत होता, आणि पलीकडच्या बाईला हेवा करणं कधी जमलंच नव्हतं.

आतून एवढंच आलं, अगदी बारीक, रागाचा लवलेश नसलेलं. "पायल जेवली काय वं?"

६

त्यानंतर सुचितानं ते भोक बुजवलं नाही. गवंड्याला बोलावून भिंत फोडायचा विचार दोनदा मनात आला आणि दोनदा तिनं तो टाकला, कारण फोडून चौकच दिसला तर काय, हे तिला सहन झालं नसतं. ती रोज भिंतीजवळ जाऊन पायलचं सांगायची. आज काय जेवली, किती मार्क पडले, दाढ दुखते म्हणते. सांगितलं की आत बांगडी वाजायची. एका परीनं दोघी जावा पूर्वी कधी नव्हत्या इतक्या जवळ आल्या होत्या.

पण पायल बदलत चालली. आई म्हणायची, हातचं खायची, मात्र केस विंचरायला बसली की लवकर उठायची. भिंतीपाशी गेली की तासन् तास. पुस्तक मांडीवर, डोकं मागं टेकलेलं, डोळे अर्धे मिटलेले. कधी कधी ती तीच चाल गुणगुणायची. तिला ती कुणी शिकवलेली नव्हती. ती गुणगुणली की भिंतीतून चालीचा पुढचा तुकडा यायचा, आणि पोर हसायची, नुसती ओठांत.

त्या संध्याकाळी काचांवर ऊन होतं. सुचिता पलंगावर बसून पाहत होती. सगळं घर तिचं होतं, सगळ्या कमानी, खालच्या चौकातली प्रत्येक वर गेलेली मान. आणि पोरीची पाठ मात्र भिंतीला टेकलेली होती. त्या बाईपाशी काही नव्हतं. घर नव्हतं, उजेड नव्हता, वळायला जागा नव्हती. तरी पोर तिच्याच आधारानं बसली होती. मांडीवर डोकं ठेवलं होतं तेव्हा जितकी होती, अगदी तितकीच तिची होती.

सुचितानं ओठ घट्ट मिटले. पण मनाला ओठ नसतात. आत जे उठायचं ते उठलं, जुनं, किडल्या दातासारखं ठणकत, आणि उठता उठता तिला ओळख पटली, हा त्या बाईचा हेवा होता. ती पलंगावरून उठली, बाहेर पळायला. दाराकडे पाहिलं. दार दूर होतं, आणि आणखी दूर जात होतं.

"चहा ठेवतो, आई," पायल म्हणाली आणि आत गेली.

संदूक सरकल्याचा आवाज आला. कूलर बंद होता, त्यामुळे तो स्वच्छ ऐकू आला. पायल कप घेऊन बाहेर आली. सुचितानं हात पुढं केला, आणि कोपर गार चुन्याला लागलं. दुसरा हात बाजूला नेला तर तिकडेही चुना. तिनं मान वळवायचा प्रयत्न केला. मान अर्धी वळली आणि तिथंच राहिली.

पायल तिच्या समोरून गेली. तिनं कप दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात दिला. तो हात सुचिताला दिसला, मनगटापर्यंत, मोरपंखी पदराच्या काठापर्यंत. कुणीतरी फुंकर घालून चहा पिऊ लागलं.

मग पायल पुस्तक घेऊन आपल्या जागी आली, खाली बसली आणि मागं टेकली. तिची पाठ सुचिताच्या गालाला लागली. पाठ कोमट होती.